कुंभारांची सुट्टी

रेमंड ब्लूरला मी तीस वर्षं ओळखतो. या तीस वर्षांत त्याने एखादा कागद पूर्ण वाचून मग सही केली, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. लाँग्टनच्या ज्या चिनी मातीच्या कारखान्यात माझी बायको मार्लीन कामाला होती, तिथे तो युनियनचा पुढारी होता. मालकाशी बोलायला जाताना टाय घालायचा आणि बाहेर आला की बायकांना सांगायचा, "चर्चा चांगली झाली." कारखाना बंद पडला त्या दिवशीही चर्चा चांगलीच झाली होती.

बंद होऊन नऊ वर्षं झाली. भट्ट्या पाडल्या, तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. पेन्शनचा फंड मात्र चालू आहे, कारण तिथे राबलेली माणसं अजून मरायची आहेत. फंडावर पाच विश्वस्त. तिघे मालकाच्या बाजूचे, दोघे कामगारांचे, आणि त्या दोघांतला एक रेमंड. महिन्याच्या दुसऱ्या आणि शेवटच्या गुरुवारी ते बोलिंग क्लबच्या माडीवर जमतात, बिस्किटं खातात आणि घरी जातात. मेंढ्यांना बसवलं असतं तर बिस्किटांचा खर्च वाचला असता.

मार्लीन बासष्ट वर्षांची होती. पेन्शन सुरू व्हायला तीन वर्षं बाकी होती. एप्रिलमध्ये तिला कावीळ झाली, आणि ती कावीळ नसून स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे असं मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं. किती दिवस, हे त्यांनी मला वेगळं घेऊन सांगितलं. मी ते तिला सांगितलं नाही. मला वाटलं, तिला कळलेलं नाही.

एक दिवस ती पलंगावर फंडाची पुस्तिका उघडून बसली होती. चष्मा नाकावर, बोट एका ओळीवर.

"डेस, हे ऐक," ती म्हणाली. "माणूस बारा महिन्यांपेक्षा जास्त जगणार नाही असं डॉक्टरने लिहून दिलं, तर सगळी पेन्शन सोडून एकरकमी पैसे घेता येतात. तुला मागून मिळायची अर्धी पेन्शन तशीच राहते. तिला धक्का नाही."

"मग?"

"मग काय मग? मी पासष्टपर्यंत पोचत नाही. म्हणजे माझं जे आहे ते त्यांच्याकडेच राहणार. एकतीस वर्षं मी त्यांच्या कपांवर फुलं चिकटवली. आता माझ्या मरणावर त्यांनी पैसे वाचवायचे?"

मी म्हणालो, "असं बोलू नकोस."

"कसं बोलू? गाऊन दाखवू?"

मग तिने खरं काय ते सांगितलं. तिला त्या पैशांतले अर्धे बर्निस शेरटला द्यायचे होते.

बर्निस तिच्या शेजारच्या स्टुलावर बसायची. छापलेली चित्रं पाण्यात भिजवून कपावर सरकवायची, खालची हवा रबराने काढायची, हेच काम दोघींचं. पण बर्निसची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती दुपारी एकपर्यंतच थांबायची. अर्धवेळ बायकांना तेव्हा पेन्शनमध्ये घेत नसत. बावीस वर्षं काम करून ती बाहेर पडली तेव्हा तिला एक घड्याळ दिलं. पुढे कायदा बदलला, पण तो तिच्यापर्यंत आला नाही. ती घरी बसली होती आणि रेमंडने तिला कळवलं नाही. चर्चा चांगली चालली असेल.

"अर्धे तुझे, अर्धे बर्निसचे," मार्लीन म्हणाली. "मी जिवंत असताना तिच्या हातात द्यायचेत. मागाहून कुणी दिले तर ती भीक समजेल."

मी हो म्हटलं. बर्निस मला फारशी आवडत नाही. जीभ फार चालते तिची. पण मी हो म्हटलं.

फॉर्म जूनच्या दोन तारखेला आला. मार्लीन त्या दिवशी दवाखान्यात होती, पित्ताची नळी बदलायला. मी लिफाफा फोडला. वर लिहिलं होतं: गंभीर आजारास्तव निवृत्तिवेतन-हक्कांचे एकरकमी रूपांतर. असलं नाव ज्याने ठेवलं त्याला स्वतःला कधी साधा तापही आला नसणार. दुसऱ्या पानावर तिच्या सहीच्या वर एक ओळ होती. "माझे आयुष्य बारा महिन्यांपेक्षा कमी अपेक्षित आहे याची मला जाणीव आहे."

ती ओळ मी दोनदा वाचली आणि लिफाफा स्वयंपाकघराच्या फडताळात, एप्रिलपासून तिने हात न लावलेल्या केकच्या डब्यांमागे ठेवून दिला.

नऊ दिवस तो तिथे होता. ती रोज विचारायची, "कागद आला का?" मी सांगायचो, "पोस्टाचं काही खरं नाही." मी तिला वाचवत होतो असं मी स्वतःला सांगत होतो. कशापासून वाचवत होतो, ते आज मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. दहाव्या दिवशी तिने स्वतः फंडाच्या कचेरीत फोन केला आणि मला हाक मारली.

"काढ," ती म्हणाली.

मी फॉर्म आणून दिला. तिने तो आधी पाठपोट वाचला आणि त्या ओळीखाली सही केली.

"मी मरतेय हे मला ठाऊक आहे, राजा. तुलाच ठाऊक नव्हतं म्हणून तू कागद लपवलास. कुठे ठेवला होतास?"

"केकच्या डब्यांमागे."

"तीच जागा सापडली तुला," ती म्हणाली, आणि एवढंच. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांचा दाखला मिळायला आणखी चार दिवस गेले. तोपर्यंत जूनची चौदा तारीख, म्हणजे दुसरा गुरुवार, होऊन गेला होता. त्या दिवशी कागद माडीवर असता तर पुढचं काही मला लिहावं लागलं नसतं. हे मी इथे लिहितोय, कारण पुढे मी दुसऱ्यांना बरंच काही म्हणणार आहे.

शेवटचा गुरुवार अठ्ठावीस जूनला होता. मंगळवारी मी कचेरीत फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पुढची सभा बारा जुलैला आहे."

"या गुरुवारी असते."

"या गुरुवारी नाही सर. पॉटर्स हॉलिडे आहे ना."

मला आधी वाटलं, मुलगी गंमत करतेय. ती तिकडे लांब ब्रिस्टलमध्ये बसलेली. तिला काय माहीत कुंभारांची सुट्टी कशाला म्हणतात. तिच्यासमोरच्या पडद्यावर लिहिलं होतं म्हणून तिने वाचून दाखवलं.

चिनी मातीवर जगलेल्या आमच्या सहाही गावांत जूनचा शेवटचा आणि जुलैचा पहिला आठवडा सुट्टी. पूर्वी सगळ्या भट्ट्या एकदम विझवायचे, धुराडी साफ व्हायची, आणि सगळं गाव समुद्रावर जायचं. आता भट्ट्या नाहीत, धूर नाही, काम नाही. तरी सुट्टी आहे. टाइल्सचा कारखाना सुटून मला अकरा वर्षं झाली, तरी जून संपत आला की मी बॅगा खाली काढायचोच. गाव सगळं असंच आहे, म्हणून कुणी कुणाला हसत नाही. पण जो कारखाना उरलेलाच नाही, त्याच्या पेन्शनचे विश्वस्त त्या कारखान्याच्या सुट्टीवर जातील, हे मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"बाई," मी त्या मुलीला विचारलं, "माझी बायको बारा जुलैच्या आधी गेली तर?"

ती पडद्यावर शोधू लागली. मग वाचू लागली. "सभासद हयात असतानाच मंजुरी व्हायला हवी, सर. नाहीतर हक्क संपतो. पण तुमची अर्धी पेन्शन..."

"ती सुरक्षित आहे. माहीत आहे मला."

रेमंड वेल्समध्ये, र्‍हिलला, आपल्या कॅरव्हॅनमध्ये होता. दरवर्षी तिथेच असतो. गुरुवारी सकाळी मी बर्निसला मार्लीनजवळ बसवलं आणि गाडी काढली. दोन तास लागले. कॅरव्हॅन सापडायला वेळ लागला नाही, कारण बाहेर युनियनचा झेंडा लावला होता. आत रेमंड अर्ध्या चड्डीत अंडी तळत होता.

"अरे डेस, ये ये. चहा घेणार? बायको अंघोळीला गेलीय."

मी फॉर्म आणि दाखल्याची प्रत टेबलावर ठेवली. त्याने बोटं पुसून पहिलं पान उचललं. वाचल्यासारखं केलं.

"वाईट झालं रे," तो म्हणाला. "मार्लीन म्हणजे हिरा. बारा तारखेला पहिला विषय हाच घेतो. शब्द देतो."

"ती बारापर्यंत राहील असं वाटत नाही. आज सभा घ्या. फोनवर घ्या."

"फोनवर नाही येत घेता. तीन जण समोरासमोर लागतात. दोघे स्पेनमध्ये, एक कॉर्नवॉलमध्ये. आणि सुट्टीत सभा नाही, असा ठराव आहे. चौऱ्याहत्तर सालचा. मीच मांडला होता." हे त्याने थोडं अभिमानाने सांगितलं. "मालक मुद्दाम सुट्टीत सभा लावायचे, आम्ही इथे असताना. मग पाहिजे ते पास करून घ्यायचे. म्हणून आपण ते बंद पाडलं. मोठा लढा होता तो."

"मालक कुठे आहेत आता?"

"म्हणजे?"

"कारखाना कुठे आहे, रेमंड? कोण कुणाला फसवणार आहे? तिथे गाद्या विकतात."

"तत्त्व राहतंच ना," तो म्हणाला आणि अंडं उलटलं. "आज तुझ्यासाठी मोडलं, उद्या कुणी म्हणेल माझ्यासाठी मोड."

"उद्या कोण मरतंय?"

त्याने मला चहा आणि ताटलीत दोन बिस्किटं दिली. ती ताटली मी सवयीने उलटून पाहिली. आमच्याकडे ताटली हातात आली की मागचा कारखान्याचा शिक्का बघतातच, मग ती राणीच्या घरची असो. बिस्किटं फरशीवर पडली. शिक्का परदेशातला होता.

"स्वस्त पडतात रे कॅरव्हॅनला," रेमंड म्हणाला.

मी बिस्किटं उचलून पुन्हा ताटलीत ठेवली आणि निघालो. तो दारापर्यंत आला. "तिला म्हणावं, धीर धर," तो म्हणाला. "एवढे चौदा दिवस काढ म्हणावं."

घरी आलो तेव्हा बर्निस मार्लीनच्या ओठांना ओला कापूस लावत होती.

"काय म्हणाला?" मार्लीनने विचारलं.

"अंडी तळत होता."

"अर्ध्या चड्डीत?"

"हो."

ती हसली. हसताना तिला दुखलं, तरी हसली. "बर्निस, अगं तो अर्ध्या चड्डीत होता," ती म्हणाली. बर्निस म्हणाली, "बाई गं, बिचारी अंडी." मग त्या दोघी बराच वेळ कारखान्यातल्या गोष्टी बोलत बसल्या. मी खाली जाऊन किटली ठेवली आणि ती तीनदा उकळेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

मार्लीन नऊ जुलैला, सोमवारी दुपारी गेली. मी तिचा हात धरला होता. त्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

अंत्यविधीला रेमंड आला. टाय घालून. रांगेत माझ्यापाशी आल्यावर माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच म्हणाला, "तीन दिवस रे, डेस. फक्त तीन दिवस. तिने काढले असते तर झालं असतं."

म्हणजे चूक तिची. ती तीन दिवस लवकर मेली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच हळहळत होता, आणि त्यामुळेच मला त्याची शिसारी आली. वाईट माणसाला निदान आपण काय केलं ते माहीत असतं. मी हात सोडवून घेतला आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाईला आल्याबद्दल धन्यवाद दिले.

ऑक्टोबरमध्ये कचेरीचं पत्र आलं. माझी अर्धी पेन्शन ठरली होती, महिन्याला ऐंशीच्या आसपास पौंड. पुढे लिहिलं होतं की अशी लहान पेन्शन दरमहा देत राहण्यापेक्षा नियमांप्रमाणे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे घेता येतात. नऊ हजार चारशे पौंड. सोबतच्या फॉर्मवर तीस दिवसांत कळवावे. हे उभय पक्षांच्या सोयीचे होईल.

मी ते पत्र ओट्याशी उभं राहून वाचलं. मार्लीन मरत होती तेव्हा त्यांना माणसं जमत नव्हती. आता मला वाटेला लावायला सगळे हजर होते. सभा झाली होती, ठराव झाला होता, हिशेब झाला होता, आणि घाई माझ्यावर ढकलली होती.

त्याच आठवड्यात ओटकेकच्या, म्हणजे आमच्याकडच्या ओटच्या धिरड्यांच्या, दुकानात रेमंड भेटला. हातात अर्धा डझन ओटकेक, वर चीज.

"पत्र मिळालं ना?" तो म्हणाला. "घेऊन टाक, डेस. आम्हालाही ते सोपं. दर महिन्याला एवढ्याशा रकमेसाठी कागद हलवायचे म्हणजे डोक्याला ताप."

तिथेच माझं ठरलं. मी घेणार नव्हतो. माझं वय सहासष्ट, माझे वडील त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. म्हणजे सत्तावीस वर्षं दर महिन्याला माझ्या नावाचा कागद हलवायला लावणार होतो मी त्यांना. वर्षातून एकदा, मी जिवंत आहे का ते विचारणारं पत्र ते पाठवतात. त्याला उत्तर द्यायला मी मुद्दाम उशीर करणार होतो. रेमंड मरेल, त्याच्या जागी दुसरा बैल येईल, त्यालाही मी पुरून उरणार होतो. इतकं बरं मला जुलैपासून वाटलं नव्हतं.

हे कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून मी बर्निसकडे गेलो. ती स्वयंपाकघरात गाजरं चिरत होती. थंडी होती आणि ती कोट घालून काम करत होती, कारण हीटर ती संध्याकाळी सहानंतरच लावते. मी पत्र दाखवलं आणि माझा बेत सांगितला. सत्तावीस वर्षांचा हिशेबही सांगितला.

तिने सुरी खाली ठेवली.

"आणि मी?" ती म्हणाली.

"तू काय?"

"मार्लीनने तुला काय सांगितलं होतं? अर्धे बर्निसला. मलाही सांगितलं होतं, तू अंडी बघायला गेला होतास त्या दिवशी. मी हो म्हटलं होतं. लाजून नको म्हणायचं माझं वय गेलं."

"ते पैसे वेगळे होते," मी म्हणालो. "ते मिळालेच नाहीत. ही माझी पेन्शन आहे. दर महिन्याला मी तुला चाळीस..."

"दर महिन्याला तू माझ्या दारात येणार? चाळीस पौंड घेऊन? आणि मी ओशाळून घेणार, मरेपर्यंत? त्र्याहत्तर वर्षांची आहे मी. माझे वडील एकावन्नाव्या वर्षी गेले, फुप्फुसात माती भरून. माझा हिशेब कर ना तुझ्यासारखा."

मी पत्राची घडी घालू लागलो.

"रेमंडची जिरवायला तू तिची शेवटची इच्छा थांबवून ठेवणार," ती म्हणाली. "त्याने चौदा दिवस थांबवली. तू नऊ दिवस थांबवलीस, हो, सांगितलंय तिने मला. आता सत्तावीस वर्षं थांबव. तो गाढव आहे, त्याला कळत नाही. तुला तर कळतं."

तिच्या जिभेबद्दल मी आधी लिहिलंच आहे. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. बाहेर काही नव्हतं, शेजाऱ्याची भिंत होती. रेमंडचा मला एवढा तिटकारा की त्याच्यासाठी आयुष्यातली सत्तावीस वर्षं द्यायला मी निघालो होतो. माझ्या बायकोच्या मरणातून एवढंच करायचं मला सुचलं होतं.

"पेन आहे का?" मी विचारलं.

तिने फ्रिजवरून पेन काढून दिलं. मी फॉर्म टेबलावर पसरला, गाजरांची सालं बाजूला केली आणि सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. नाव, पत्ता, सही, व्यवसाय.

"मी चालेन का?" बर्निस म्हणाली. "की मला पैसे मिळणार म्हणून नाही चालत?"

"पैसे मला मिळणार आहेत. मी ते कुणाला देतो याच्याशी त्यांचा काय संबंध? विचारलंच तर विचारू दे."

तिने कोटाच्या बाह्या वर केल्या आणि सावकाश लिहू लागली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली. व्यवसायाच्या रकान्याशी थांबली.

"निवृत्त लिही," मी म्हणालो.

"निवृत्त कशातून? त्यांच्या वहीत मी कधी नव्हतेच."

आणि ती लिहायला लागली. कपबशांवर चित्रं लावणे, बावीस वर्षं, तुमच्याच कारखान्यात. रकाना संपला तशी ती समासात शिरली. मार्लीन मॅचिनच्या शेजारी, खिडकीकडून दुसरं स्टूल. समास संपला तेव्हा तिने कागद आडवा केला.

मी तिला थांबवलं नाही. ती लिहीत होती तोवर मी सुरी घेतली आणि उरलेली गाजरं चिरली.